हात थांबला पाहिजे

शनिवारी रात्रीपर्यंत घरात सगळ्यांना सगळं माहीत झालं होतं, आणि रविवारी सकाळी कोणालाच काही माहीत नव्हतं.

झालं असं, की शनिवारी सूनबाईने थोरल्याला, म्हणजे आपल्या नवऱ्याला, छापखान्याच्या जिन्यात गाठून सांगितलं, "उद्या आत्यांचा हात थांबला नाही, तर सोमवारी मी समोरच्या जाहिरातवाल्यांच्या ऑफिसात जाते. त्यांनी मला घेतलंय. आणि हे इतक्यात कोणाला सांगू नकोस." थोरल्याने मान डोलावली. माणूस सरळ, पण पोटात काही राहत नाही. त्याने फक्त आईला सांगितलं. आईने फक्त बाबांना. बाबांनी फक्त धाकट्याला. आणि धाकट्याने, तो मुळात वात्रटच, वर येऊन वहिनीलाच विचारलं, "वहिनी, तुला कळलं का, तू चाललीयेस म्हणे?"

"कोण म्हणालं?"

"कोणी नाही," धाकटा म्हणाला आणि शीळ घालत निघून गेला.

तेव्हापासून घर असं काही वागत होतं की बस! आई सूनबाईला उगाचच दुसऱ्यांदा चहा विचारत होती. थोरला तिच्या नजरेला नजर देत नव्हता. बाबा वर्तमानपत्राचं एकच पान तासभर वाचत होते. फक्त आत्या नेहमीसारखी भिंतीला पाठ लावून, टेबलाच्या टोकाच्या खुर्चीत बसली होती. समोर मटारच्या शेंगांचा ढीग आणि मांडीवर स्टीलचं भांडं. टण्, टण्, टण्.

हात थांबणं म्हणजे काय, ते या घरात नव्याने आलेल्या प्रत्येकाला सांगावं लागतं. हा जाहिरातीचा धंदा उभा केला बाबांच्या वडिलांनी, आप्पांनी. खाली छापखाना, मधे ऑफिस, वर घर. आप्पा एक गोष्ट हट्टाने मानायचे. जाहिरात ऐकायची म्हणून कोणी बसलेलं नसतं. कोणी भांडी घासत असतं, कोणी दाढी करत असतं, कोणी पोराला बदडत असतं. म्हणून ओळ लिहून झाली की हात कामात असलेल्या माणसाला वाचून दाखवायची. हात थांबला, तर ओळ पास. नाही थांबला, तर कागद चुरगाळायचा आणि तोंड वाकडं न करता पुन्हा बसायचं. आप्पांच्या थोरल्या मुलीचे, म्हणजे आत्याचे, हात कधीच रिकामे नसायचे, म्हणून परीक्षक तीच. आप्पा गेले, टाइप गेले, कॉम्प्युटर आले, पण आत्याचा हात आपल्या पदावर कायम होता. बाहेरचे लोकसुद्धा विचारायचे, "आत्याबाईंनी पास केलंय ना?"

आणि आत्याने धाकट्याच्या ओळी पास केल्या होत्या, एक सोडून एक नाही, जवळजवळ सगळ्या. सूनबाईची एकही नाही. लग्न होऊन ती या ऑफिसात बसायला लागली त्याला तीन वर्षं झाली होती. तेव्हापासून तिच्या वाट्याला यायचं ते परीक्षेला बसवायची गरज नसलेलं लिखाण. 'झाकण घट्ट लावा.' 'थंड व कोरड्या जागी ठेवा.' 'लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये.' घराघरांतल्या कपाटांत तिचं साहित्य पोचलं होतं. स्वतःच्या घरात मात्र तिला लेखिका म्हणायची कोणाची तयारी नव्हती.

"मी कोणाला नावं ठेवत नाही," बाबा वर्तमानपत्राच्या आडून म्हणाले. त्यांचं हे वाक्य झालं की पुढे नावं ठेवणं ठरलेलं. "पण ओळ अंगात असावी लागते. गळ्यासारखी. शिकून कोणाला गळा आलाय का?"

"गळा येत नाही, बाबा. सूर येतो," सूनबाई ताटं मांडता मांडता म्हणाली.

"वा! लिहून घे ही," धाकटा ओरडला.

"नको. छान वाटली म्हणजे आधी कोणीतरी लिहिली असणार."

"बघ, हेच म्हणतोय मी!" बाबांनी पेपर खाली ठेवला. "छान सुचलं तर घ्यावं ना माणसाने. तू घेत नाहीस. तू त्याला धुतेस, वाळवतेस, पुन्हा धुतेस. आप्पांचं काय झालं होतं? दोरेवाल्यांची ओळ कुठे सुचली? आंघोळ करताना! टॉवेल गुंडाळून दारात आले आणि म्हणाले, 'कापड विरेल, टाका नाही.' झालं! चार शब्द. त्यावर हे घर उभं आहे."

"अहो, पण मला तरी लग्नात काय येत होतं?" आई मधे पडली. तिला मुळात सुनेची बाजू घ्यायची नव्हती. धाकटा तिचा जीव की प्राण, आणि ओळ त्याचीच पास व्हावी असं तिने मनातल्या मनात ठरवून टाकलं होतं. पण शिकून काही येत नाही म्हटल्यावर तिला ते स्वतःला लागलं. "चहासुद्धा येत नव्हता. शिकलेच ना? आणि आता?"

"आता येतो," बाबा म्हणाले.

"येतो म्हणजे?"

"म्हणजे... चांगला येतो."

"इतकी वर्षं करतेय आणि 'येतो'!" आईने भाजीचं भांडं आपटलं. "आणि तो शर्ट का घातलात? जुना झालाय, टाकून द्या म्हटलं होतं ना? मी उद्या त्याची फडकी करणार आहे."

बाबांनी छातीवर हात ठेवला. निळ्या शर्टाचं वरून दुसरं बटण नव्हतं. तिथे त्यांनी ऑफिसातली कागदाची क्लिप लावली होती आणि कोणाच्या लक्षात येणार नाही अशी त्यांची समजूत होती.

खरं सांगायचं तर बाबांना गळ्याचा सिद्धांत फार सोयीचा होता. तरुणपणी तेही ओळी लिहायचे. आप्पा समोर, ताई, म्हणजे हीच आत्या, शेंगा सोलत बसलेली, आणि हे हातात कागद घेऊन उभे. ताईचा हात एकदाही थांबला नाही. एकदा तर ती सोलता सोलता गुणगुणायला लागली होती. तेव्हा बाबांनी मनाशी ठरवलं, की आपल्यात ते नाही. नाही तर नाही, त्यात आपला काय दोष? मग ते हिशेब, छपाई, गिऱ्हाईक बघायला लागले आणि उत्तम बघायला लागले. उपजत गोष्ट नसल्याबद्दल कोणी कोणाला बोल लावत नाही. पण ती शिकता येते असं निघालं, तर मग इतकी वर्षं आपण काय केलं, हा प्रश्न यायचा. तो त्यांना नको होता. म्हणून सून कागदावर कागद खरडताना दिसली की त्यांना उगाचच राग यायचा.

या खेपेचं काम साधं नव्हतं. तेच दोरेवाले, पण आता कारखाना जुन्या मालकांची नात बघत होती. लोक शिवत नाहीत, टाकून देतात आणि नवं आणतात, त्यामुळे दोरा खपत नव्हता. तिने एक छोटी डबी काढली होती. सुई, दोन रंगांचे दोरे आणि थोडी बटणं. ज्यांच्या घरात सुईच नाही त्यांना ती घ्यायला लावायची होती. सोमवारी ओळ द्यायची होती.

"मी तर झोपून विचार केला," धाकट्याने पोळीचा तुकडा मोडत जाहीर केलं. "वहिनीने काय केलं विचारा. महिनाभर इस्त्रीच्या दुकानात उभी राहिली!"

"कशाला?" आईने विचारलं.

"लोक शर्ट टाकून का देतात ते विचारायला," सूनबाई म्हणाली. "विटला म्हणून नाही, फाटला म्हणून नाही. बटण तुटतं. मग तो शर्ट खुर्चीवर पडून राहतो. मग कपाटात मागे जातो. मग एक दिवस सगळे म्हणतात, जुना झाला."

"आणि त्याची ओळ काय केलीस?"

"ती जेवणानंतर," बाबा म्हणाले. "परीक्षेआधी पेपर फोडायचा नाही."

जेवणं झाली. पंगत उठली तरी आत्या आपल्या खुर्चीतच होती. तिने शेंगांचा नवा ढीग पुढे ओढला. थोरला धुतलेली ताटं पुसायला उभा राहिला, कारण घाबरला की त्याला काहीतरी पुसायला लागतं.

"धाकट्या, आधी तू," बाबा म्हणाले.

धाकटा उठला. त्याला कागद लागत नाही. तो आत्याच्या समोर जाऊन उभा राहिला, शर्टाच्या बाह्या सारख्या केल्या, तिच्या डोळ्यांत बघून हसला आणि दोन्ही हात पसरून म्हणाला, "टाकू नका. टाका घाला!"

टण्. आणि मग आवाज नाही. आत्याचा अंगठा शेंगेतच थांबला होता.

"शाब्बास!" बाबा टेबलावर थाप मारून म्हणाले. "याला म्हणतात रक्त!" आईने दोन्ही हातांनी लेकाची दृष्ट काढल्यासारखं केलं. थोरल्यानेही टाळी वाजवली, मग बायकोकडे बघितलं आणि पुन्हा ताट पुसायला लागला.

धाकटा वाकून नमस्कार करत होता, पण त्याचं मन जागेवर नव्हतं. ही ओळ त्याला दात घासताना सुचली होती. तोंडातला फेस थुंकायच्या आत. अशाच सगळ्या सुचायच्या. लोक वाहवा करायचे आणि त्यालाही बरं वाटायचं. पण अलीकडे त्याला शंका यायला लागली होती, की जी ओळ आपल्याला इतक्या पटकन सुचते ती रस्त्यावरच्या कोणालाही सुचेल. शंका गोड नव्हती. तो नेहमीसारखी ती गिळून बसला.

"सूनबाई," बाबा म्हणाले.

सूनबाईने पिशवीतून कागद काढला.  ती टेबलाच्या कडेला उभी राहिली, मान खाली घातली, कागद चेहऱ्यासमोर धरला. सगळं काम त्या कागदावर होतं, त्यामुळे ती नेहमी त्यालाच चिकटून असायची. तिने एकदा घसा साफ केला आणि वाचलं. आवाज लहान असला तरी स्वच्छ होता.

टण्. टण्. टण्.

 आईने ओळ ऐकली आणि तिची भुवई किंचित वर गेली, पण नियम म्हणजे नियम. सगळ्यांचे डोळे आत्याच्या हातांवर होते. हात शेंग उचलत होते, फोडत होते, दाणे भांड्यात टाकत होते.

"असो," बाबा म्हणाले. त्यांना आनंद व्हायला हवा होता, झाला नाही. ते त्यांनाच विचित्र वाटलं.

तेवढ्यात आत्याने मान वर केली आणि कंटाळून म्हणाली, "अगं, वाच की आता! किती वेळ कागदात तोंड घालून उभी राहणार? मला दुपारी जरा पडायचंय."

सगळं घर गारठलं.

"वन्सं, असं लागेलसं बोलू नये हो," आई म्हणाली. आज दुसऱ्यांदा ती नको त्या बाजूला जाऊन बसली होती. "हात नाही थांबला तर नाही थांबला. पण वर टोचायचं कशाला?"

"मी वाचलं, आत्या," सूनबाई म्हणाली. डोळ्यांत पाणी यायच्या आत ती वळून खिडकीशी गेली. सगळ्यांकडे पाठ केली. "मी वाचलं, आणि आता पुन्हा नाही वाचणार. तुम्हाला सगळ्यांना एकच सांगते, उद्यापासून मी समोरच्या..."

"अगं बाई!" आई ओरडली. वाक्य संपायच्या जरा आधीच.

"...ऑफिसात जाते आहे."

"काय सांगतेस!" बाबा म्हणाले.

"मला काहीच माहीत नव्हतं," थोरला म्हणाला, आणि त्याच्याकडे कोणी बघितलंसुद्धा नाही.

आत्या मात्र प्रसन्न हसली. "हो हो, छान झालं. करा तसंच," ती म्हणाली आणि पुढची शेंग उचलली.

आईने कपाळावर हात मारला. बाबांची मान खाली गेली. बहीण झाली म्हणून काय झालं, इतका दगडासारखा स्वभाव? पण धाकट्याने डोळे बारीक केले. सूनबाईची पाठ, आत्याचं हसू, पुन्हा सूनबाईची पाठ. मग तो पाय न वाजवता टेबलाला वळसा घालून आत्याच्या खुर्चीमागे, भिंत आणि खुर्चीच्या फटीत जाऊन उभा राहिला.

"आत्या, खुर्चीखाली उंदीर आहे," तो म्हणाला.

आत्या उंदराच्या नावाने टेबलावर चढते हे सगळ्यांनी बघितलेलं आहे. टण्, टण्.

"काय चावटपणा चाललाय?" बाबा म्हणाले.

"थांबा हो. आत्या! बाबांनी दुसरं लग्न ठरवलंय!"

"काय?" आई म्हणाली.

टण्.

आता सगळ्यांच्या लक्षात येऊ लागलं. धाकटा मागून पुढे आला, आत्याच्या खुर्चीपाशी खाली बसला, तिच्याकडे बघितलं आणि आवाज न काढता, नुसते ओठ हलवून विचारलं, "तुला ऐकू येत नाही?"

आत्याचा हात थांबला. या वेळी शेंग सुटून भांड्यात पडली.

 ज्या घराने जन्मभर लोकांना आपलं ऐकायला लावलं, त्या घरात एकालाही हे कळलं नव्हतं. आणि आता सगळ्यांना एकदम सगळं आठवायला लागलं. बेल वाजली तरी आत्या उठायची नाही, "मी का उठू?" म्हणायची, तो तोरा वाटायचा. फोनवर बोलायची नाही, "माणूस दिसल्याशिवाय मी बोलत नाही" म्हणायची, तो बाणा वाटायचा. आणि ती खुर्ची! भिंतीला पाठ लावून, सगळ्यांची तोंडं समोर. तो मान वाटायचा.

"कधीपासून, ताई?" बाबांनी विचारलं. मग त्यांना सुचलं आणि त्यांनी तिच्या समोर येऊन पुन्हा विचारलं.

"कमी होत होतं आधीपासून. हिच्या लग्नाच्या सुमारास पार गेलं."

बाबांच्या चेहऱ्यावर एक वेडी आशा उगवली. "म्हणजे माझ्या ओळी... तेव्हा..."

"तुझ्या ओळी मला नीट ऐकू येत होत्या रे," आत्या म्हणाली.

धाकटा फस्सकन हसला. आई तोंडाला पदर लावून हसली. बाबांनी रागवायचा प्रयत्न केला, पण तेही शेवटी हसले. हसताना क्लिप सुटून खाली पडली.

"आणि माझ्या?" सूनबाई खिडकीपासून चालत आली होती. ती हसत नव्हती. "माझ्या ओळी तुम्ही ऐकल्याच नाहीत? एकही?"

"दिसतील तेवढ्या बघते मी. हा धाकटा समोर येतो, हसतो, हातवारे करतो. ह्याचे ओठ पाठ झालेत मला. तू कागदात तोंड घालतेस. मला नुसती तुझी टिकली दिसते, पोरी. मला वाटायचं, ही अजून तयारी करतेय. नंतर सगळे 'असो' म्हणायचे, तेव्हा कळायचं की झालं वाटतं."

"तीन वर्षं, आत्या! मला वाटत होतं माझ्यात काही नाहीच. मी रात्री रात्री रडलेय. ह्याला विचारा."

"रडली आहे," थोरला म्हणाला.

"एकदा सांगायचं होतं मला! नुसतं म्हणायचं होतं, वर बघून वाच!"

"सांगितलं असतं तर मग काय राहिलं असतं माझं?" आत्याचा आवाज एकदम मोठा झाला. स्वतःचा आवाज किती मोठा झाला हेही तिला कळत नव्हतं. "आप्पांनी मला लग्नाच्या खटपटीतून सोडवलं ते ह्या हातांमुळे. 'हिचा हात हवा मला ऑफिसात' म्हणाले. ऑफिसातली मोठमोठी माणसं उभी राहायची माझ्यासमोर. आणि उद्या कळलं की हिला ऐकूच येत नाही, की मग मी कोण? मटार सोलणारी म्हातारी. भीती वाटली मला. तुझं नुकसान होत होतं हे दिसत होतं मला. दिसत होतं आणि तरी गप्प बसले. वाईट वागले मी तुझ्याशी."

सूनबाईचा राग कुठे जाऊन बसला ते तिलाच कळेना. ती आत्याशेजारच्या स्टुलावर बसली. शेंगांचा ढीग मधे होता, तो बाजूला केला.

"वाच," आत्या म्हणाली. "कागद दे इकडे."

"कागदाशिवाय नाही येणार मला. विसरेन."

"इतक्यांदा लिहिलीस आणि विसरशील?" धाकटा म्हणाला. "वहिनी, हनुवटी वर. तिच्या डोळ्यांत बघ. घाई करू नकोस. हे बघ, हे मला येतं. हे एवढंच मला येतं!"

त्याने ते गमतीने म्हटलं होतं, पण म्हटल्यावर त्यात गंमत उरली नाही. सूनबाईने त्याच्याकडे एकदा बघितलं. मग आत्याकडे. मान वर केली. आणि सावकाश, कागदाशिवाय, म्हणाली:

"शर्ट जुना झाला नाही. बटण गेलंय."

सगळे आत्याच्या हाताकडे बघणार, इतक्यात आईची खुर्ची करकरली. आई उठली होती. ती आतल्या खोलीत गेली. ड्रॉवर उघडल्याचा, काहीतरी खाली पडल्याचा, "इथेच तर होती मेली" असा आवाज आला. मग ती सुई आणि एक बटण घेऊन, दाताने दोरा तोडतच बाहेर आली आणि बाबांच्या समोर वाकून तिने शर्टाची कड हातात धरली.

"अगं, काय करतेस?"

"हलू नका. टोचेल."

"तू ह्याची फडकी करणार होतीस ना?"

"कशाला करू? धडधाकट शर्ट आहे," आई म्हणाली आणि पहिला टाका घातला.

धाकटा तिच्याकडे आ वासून बघत राहिला. मग त्याला अचानक आठवलं. "अरे, पण आत्याचा हात? थांबला का? कोणी बघितलं का?"

कोणीच बघितलं नव्हतं.

"मला काय विचारता?" आत्या म्हणाली. "मी हिच्या तोंडाकडे बघत होते."

बाबांना हलता येत नव्हतं. गळ्यापाशी सुई होती आणि सुईच्या मागे बायको. अशा वेळी माणूस खरं बोलतो. "सूनबाई," ते छताकडे बघत म्हणाले, "ही ओळ पहिल्यांदा काय होती?"

"फार वाईट होती. त्यात 'वस्त्र' होतं."

"मग?"

"मग खोडली. मग 'जपा' होतं, 'वाचवा' होतं. लोकांना शिकवायला गेले होते मी. खोडत खोडत आले. शेवटी इस्त्रीवाल्याकडे एक बाई जे बोलली, तेवढंच उरलं."

"मी खोडायचोच नाही," बाबा म्हणाले. "ताईचा हात नाही थांबला की कागद फेकायचो आणि दुसरीच ओळ धरायचो. तीच पुन्हा लिहिली नाही कधी. मला वाटायचं, यायची ती एकदम येते. आप्पांना आली तशी. टॉवेलमध्ये."

आत्या त्यांचे ओठ वाचत होती. "आली खरी टॉवेलमध्ये," ती म्हणाली. "खोटं नाही. पण त्याआधी महिनाभर त्या माणसाने आम्हाला सुखाने जेवू दिलं नव्हतं. ताटावर ओळ, झोपेत ओळ. शेवटी आईने वैतागून सांगितलं, निदान आंघोळ तरी करून या! म्हणून ते आंघोळीला गेले होते."

"हे मला कधी कोणी सांगितलं नाही," बाबा म्हणाले.

"तू विचारलं नाहीस. तुला टॉवेलच आवडायचा."

"अहो, हसू नका, टोचेल," आई म्हणाली. तिने गाठ मारली, दोरा तोडला आणि बटणावरून अंगठा फिरवला. मग सुनेकडे न बघता, शर्टाशीच बोलावं तशी म्हणाली, "ओळ मला मघाशीच आवडली होती. वन्संचा हात चालू होता, म्हणून मीही गप्प बसले. मेला हा नियम!"

"नियम म्हटल्यावर..." बाबा चाचरले. "आता पुढे परीक्षा घेणार कोण? ताईला तर..." त्यांनी वाक्य अर्धवट सोडलं, पण अर्धं आत्याने वाचलं होतं. तिने भांडं जवळ ओढलं, हात दाण्यांत घातला आणि तसाच ठेवला. धाकट्यानेही मान खाली घातली, कारण एवढ्या वर्षांच्या त्याच्या टाळ्या कशाच्या होत्या, हाही हिशेब त्याच प्रश्नात होता.

"आत्याच घेणार," सूनबाई म्हणाली.

"अगं, पण ऐकू येत नाही तिला!"

"म्हणूनच. रस्त्यावर तरी कोण ऐकतं, बाबा? आवाजाची लाडीगोडी नाही, काही नाही. नुसती ओळ. ती आत्यांना ओठांवरून कळली आणि तरी त्यांचा हात थांबला, तर ती कुठेही, कोणालाही थांबवेल." ती आत्याकडे वळली आणि तिला दिसेल असं, सावकाश म्हणाली, "आणि ह्याने हातवारे करायचे नाहीत. हात पाठीमागे बांधून उभं राहायचं."

"मेलो!" धाकटा म्हणाला. "वहिनी, मग मला लिहायला शिकवावं लागेल तुला."

"इस्त्रीच्या दुकानात उभा राहशील?"

"बसायला मिळत नाही का तिथे?"

आत्या हसली. डोळे पुसायला हात वर केला, तर बोटांना मटारची सालं चिकटली होती, म्हणून मनगटाने पुसले. "ओळ बरी आहे," ती सूनबाईला म्हणाली. "पण 'शर्ट' आधी का? 'बटण' आधी घेऊन बघितलंस का?"

"घेतलं होतं. पण पुन्हा घेऊन बघते." सूनबाईने पेन उचललं, कागद टेबलावर सरळ केला, आणि मघाचं सगळं विसरून पुन्हा त्याच्यात डोकं घातलं. "उद्यापासून सकाळीच बसू या, आत्या. दुपारी तुमचा डोळा लागतो."

आत्याला यातलं काहीच कळलं नाही, कारण सूनबाईची मान खाली होती. पण टेबलापलीकडे थोरल्याने ते 'उद्यापासून' ऐकलं. तेच ताट तो मघापासून पुसत होता.

त्याचा हात थांबला.